खांब मोजू नका, बॅटरी कुठली ते विचारा

पोस्ट लांब आहे. बॅटरी म्हटलं की ज्यांना जांभई येते त्यांनी निदान उमरठचा भाग वाचा, मग सोडायची तर सोडा.

गेल्या आठवड्यात परतीच्या पावसानं आमच्या पोलादपूर तालुक्याला दोन दिवस झोडपलं. संध्याकाळी गडगडाट, तासभर मुसळधार, एखादी फांदी तारेवर आणि लाइट गायब. यात नवीन काही नाही. वायरमन बिचारा अंधारात बॅटरी घेऊन तार शोधत फिरतो, त्याला शिव्या घालणाऱ्यातला मी नाही. मी एका कामासाठी उमरठला गेलो होतो. उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ. ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाण्यावर पडलेल्या सुभेदारांची समाधी इथे आहे, त्यामुळे बाहेरगावच्या गाड्या येत असतात. पण त्या दिवशी जी गाडी उभी होती तशी मी आमच्या भागात पहिल्यांदाच बघितली. टेम्पो ट्रॅव्हलर बदलून केलेली कॅरॅव्हॅन. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, पंखा, छतावर सोलर पॅनल. सगळं गाव काळोखात आणि ही गाडी आतून उजळलेली. लांबून बघितलं तर लग्नघर वाटावं.

गाडीवाले काका पुण्याचे, नोकरीतून निवृत्त झालेले, सोबत काकू. पाऊस म्हणून मला आत बोलावलं, चहा दिला. फ्रिजमधलं दूध काढून दिलं हे मुद्दाम सांगतो, कारण त्या वेळी गावात लाइट जाऊन पाच तास झाले होते. मी विचारलं, काका, जनरेटर कुठाय? आवाज येत नाही तो. त्यांनी बसायच्या बाकाची फळी उचलून दाखवली. आत दोन डबे, प्रत्येकी शंभर एएचचे. लिथियम.

"आधी इथे दीडशेच्या दोन ट्यूब्युलर होत्या. एकशेदहा किलो वजन नुसतं बॅटऱ्यांचं. आता पंचवीस किलोसुद्धा नाही, आणि पूर्वी जेवढं चालायचं त्यापेक्षा जास्त चालतं," काका म्हणाले.

तेवढ्यात एक आजी दारात आली. उमरठची नव्हे, लेकीकडे आलेली, आमच्याच तालुक्यातल्या एका वरच्या वाडीवरची. वाडीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका वाडीचा नाही. तिनं आत डोकावून बघितलं आणि विचारलं, "ह्यो लाइट कुठनं येतो रं बाबा?" मी बाकाखालचे डबे दाखवले. तिनं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "मंग आमच्या खांबात ह्ये का न्हाय घालत?"

मंडळी, मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय, वीस वर्षं बातम्या लिहितोय. तालुक्याच्या आमसभेत सौर दिव्यांवर झालेली भांडणं कव्हर केलीत. 'इतके खांब मंजूर', 'इतक्या खांबांचं लोकार्पण', नारळ, फोटो, सगळं छापलंय. खांबात बॅटरी कुठली आहे हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. आजीनं विचारला.

परतताना मी दोन गावांतून आलो. एका गावात रस्त्याकडेला सौर दिव्याचे अकरा खांब मोजले. पेटलेले तीन. पाऊस थांबून दोन दिवस कडक ऊन पडल्यावर परत गेलो, तेव्हाही तीनच. म्हणजे ढगांचा दोष नाही. एका खांबाचा खालचा डबा उघडाच होता आणि आत बॅटरी नव्हती, फक्त दोन वायरी लोंबत होत्या. बाकीच्या डब्यांत शिसं-आम्लाच्या जुन्या बॅटऱ्या, फुगलेल्या, टर्मिनलवर हिरवा-पांढरा थर साचलेला. गावातल्या एकानं सांगितलं, "दोन पावसाळे चांगले चालले भाऊ, तिसऱ्याला बसले." हे 'दोन पावसाळे' वाक्य लक्षात ठेवा, सगळी गोम त्यातच आहे.

शिसं-आम्लाची बॅटरी, म्हणजे आपल्या इन्व्हर्टरखाली असते ती, हा काही फालतू शोध नाही. १८५९ साली गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं ती केली आणि आज दीडशेहून जास्त वर्षं ती जगाला धरून आहे. तुमची गाडी सकाळी तिच्यावरच चालू होते. पण तिचे दोन स्वभाव आहेत. एक, तिला निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केलेली आवडत नाही. दुसरा जास्त महत्त्वाचा, तिला अर्धपोटी ठेवलेलं अजिबात सोसत नाही. पूर्ण चार्ज न होता ती पडून राहिली की आतल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात. सुरुवातीला ते चार्जिंगमध्ये विरघळतात, पण आठवडे गेले की कडक होतात आणि तेवढी प्लेट कायमची मेली.

आता आमचा पावसाळा डोळ्यासमोर आणा. वर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि आम्ही त्याच डोंगराच्या पायथ्याला. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सूर्य म्हणजे पाहुणा. दिवसा पॅनल जेमतेम थोडं चार्ज करतं, रात्री दिवा तेवढं खातो, सकाळी बॅटरी परत अर्धपोटी. असे शंभर दिवस. ही बॅटरी आमच्याकडे दोन पावसाळ्यांत का मरते, याचं उत्तर एवढंच आहे. कंत्राटदारानं चोरी केलीच असेल असं नाही. चोरी न करता, कागदावर सगळं चोख असतानाही हा खांब तिसऱ्या वर्षी विझणारच होता. मंजुरीच्या दिवशीच त्याची मरणतारीख ठरली होती.

काकांच्या डब्यात जी होती ती लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारात एलएफपी म्हणतात. हिची जन्मकथा आपल्याकडे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत हे रसायन पुढे आलं. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्या आधी दोन नावं आहेत, पाधी आणि नंजुंडस्वामी. दोन्ही आडनावं आपल्या देशातली. गुडइनफ यांना २०१९ मध्ये लिथियम बॅटरीच्या कामासाठी इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. तर या बॅटरीला अर्धपोटी राहण्याचं काहीच वाटत नाही, उलट तसंच तिला बरं. ऐंशी-नव्वद टक्के रिकामी केली तरी चालते. पाणी घालायला नको, ॲसिड सांडत नाही, आणि साध्या बॅटरीची चार्ज-डिस्चार्जची फेरी शेकड्यांत मोजतात तिथे हिची हजारांत मोजतात. शून्य अंशाखाली हिला चार्ज करू नये हा एक मोठा दोष सांगतात. लडाखवाल्यांनी काळजी करावी. वेण्णा तलावाकाठी कधीमधी दवाचा बर्फ होतो त्याची बातमी येते तेवढीच, खाली पोलादपुरात आम्हाला फेब्रुवारीत स्वेटर शोधावा लागत नाही.

"पण लिथियम महाग, दुप्पट पैसे लागतात." हे वाक्य मी गेल्या आठ दिवसांत तीन जणांकडून ऐकलं. त्यातले दोघे सरकारी खुर्चीवर बसणारे. एकानं तर मला कागदावर हिशेब करून दाखवला, साधी पंचाहत्तर एएच एवढ्याला, लिथियम पंचाहत्तर एएच एवढ्याला, बघा साहेब, दुपटीच्या वर. मी म्हटलं, हा हिशेबच चूक आहे. पंचाहत्तर एएचची साधी बॅटरी बारा व्होल्टची, म्हणजे ९०० वॉट-अवर. त्यातले वापरायचे निम्मे, ४५०. लिथियमची चाळीस एएच १२.८ व्होल्टची, म्हणजे ५१२ वॉट-अवर, त्यातले नव्वद टक्के धरले तर साधारण ४६०. चाळीसमध्ये पंचाहत्तरचं काम होतंय, मग पंचाहत्तर कशाला घेता? टेंडरमध्ये आकडा 'एएच'चा लिहायचा, साध्या बॅटरीच्या सवयीनं लिहायचा, आणि मग म्हणायचं लिथियम परवडत नाही! तांदळाचं माप घेऊन मिरी मोजायला बसल्यासारखं आहे हे.

घरातला हिशेब मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण बॅटरी विकणारे सांगणार नाहीत. दीडशे एएचची चांगली ट्यूब्युलर पंधरा हजारांच्या आसपास येते. शंभर एएचची लिथियम पंचवीस ते चाळीस हजार, कंपनी आणि वॉरंटी बघून. ट्यूब्युलरमधून वापरायला मिळतात ९०० वॉट-अवर, लिथियममधून अकराशेच्या आसपास. ट्यूब्युलर तुम्ही जपली, वेळेवर डिस्टिल्ड वॉटर घातलं, तर चार-पाच वर्षं देते. लिथियम आठ-दहा वर्षं द्यायला हवी. म्हणजे जपणाऱ्या माणसाच्या घरात दोन्हीचा खर्च जवळपास सारखा येतो. माझ्या घरात आजही ट्यूब्युलरच आहे, पाचवं वर्ष चालू आहे, दर दोन महिन्यांनी पाणी मी स्वतः घालतो. तिला काढून फेका असं मी कोणाला सांगणार नाही.

पण सार्वजनिक बॅटरीला जपणारं कोणी नसतं. काकांची बॅटरी काकांची आहे, ते रोज रात्री मीटर बघून झोपतात. माझी बॅटरी माझी आहे. खांबातली बॅटरी कोणाची? ग्रामपंचायतीच्या शिपायाची? त्याला पाणीपट्टी, घरपट्टी, नळाचा व्हॉल्व्ह, साथीची फवारणी, सगळं एकट्यानं बघायचं असतं. तो चौदा खांबांवरच्या चौदा डब्यांत डिस्टिल्ड वॉटर घालत फिरेल असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी वाडीवर एक रात्र काढलेली नाही. ज्या वस्तूला रोज काळजी लागते ती वस्तू ज्याला काळजी घेणारं कोणी नाही अशा जागी बसवायची, वर्षानुवर्षं बसवायची, आणि तिसऱ्या वर्षी 'लोक देखभाल करत नाहीत' म्हणून लोकांनाच दोष द्यायचा. माझं भांडण याच्याशी आहे.

आता कोणी म्हणेल, एवढं काय, रस्त्यावरचा दिवा तर आहे. बरोबर. शहरात रस्त्यावरचा दिवा गेला तर दुकानाची पाटी असते, गाडीचे दिवे असतात. आमच्या वाडीवर खांब विझला की काळोख म्हणजे काळोख. पावसाळ्यात भात खाचरांच्या बांधावरून माणसं ये-जा करतात, फुरसं पायात येतं. विंचूदंशावर प्राझोसिनचं औषध जगाला पटवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडचेच, २०२२ साली पद्मश्री मिळाली त्यांना. त्यांनी आयुष्य ज्या रुग्णांमागे घालवलं ते रुग्ण येतात कुठून? अशाच अंधारातून.

आणि मला २०२१ बद्दल बोलायचंय. २२ जुलै. महाड शहर पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये, आमच्या तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे, दरडी कोसळल्या. एकट्या तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली. लाइट नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, रस्ते बंद. मोबाइलचे टॉवर लाइट गेल्यावर काही तास बॅटरीवर आणि पुढे डिझेलवर चालतात. रस्ता तुटला की डिझेल पोचत नाही, बॅटरी संपली की टॉवर म्हणजे नुसता लोखंडाचा सांगाडा. आमच्या घरचा इन्व्हर्टर त्या दुपारीच टी-टी करून गप्प झाला होता. त्यात चार महिने पाणी घातलं नव्हतं, चूक माझीच. फोन बंद, चार्ज करायला सोय नाही. पत्रकार म्हणवून घेतो आणि माझ्या स्वतःच्या तालुक्यातली दरड मला चालत आलेल्या माणसाकडून दुसऱ्या दिवशी कळली.

बॅटरीनं दरड थांबत नाही, हे मला कळतं. डोंगर यायचा तो आलाच असता. पण डोंगर आल्यावर बाहेरच्या जगाला 'आलाय' हे सांगायला एक चालू फोन लागतो, आणि ढिगारा उपसायला रात्री उजेड लागतो. ग्रामपंचायत कार्यालय, शाळा, उपकेंद्र, यातली निदान एक खोली प्रत्येक गावात अशी पाहिजे की बाहेर चार दिवस काहीही होवो, तिथे दिवा लागेल आणि दहा फोन चार्ज होतील. आकडा मोठा नाही. एक फोन भरायला पंधरा-वीस वॉट-अवर लागतात. काकांच्या बाकाखाली जेवढं होतं, दोन हजार वॉट-अवरच्या वर, तेवढ्यात एक वाडी चार दिवस बोलती राहते आणि रात्री दिवाही लागतो. एका निवृत्त माणसाच्या सहलीच्या गाडीत जे आहे ते दरडप्रवण म्हणून सरकारी यादीत असलेल्या गावाच्या कार्यालयात नसावं?

महाडच्या लोकांसाठी अजून एक गोष्ट, जी कुठल्याही जाहिरातीत नसते. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत चढायला लागलं की महाडकर काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. माल माळ्यावर, गाद्या माळ्यावर, टीव्ही माळ्यावर. इन्व्हर्टरची बॅटरी कोणी माळ्यावर नेतो? पंचावन्न-साठ किलोचं, आत ॲसिड हेलकावणारं धूड, कमरेएवढ्या पाण्यातून जिना चढवून? ती खालीच राहते आणि बुडते. आणि नेमकं त्या रात्री वर माळ्यावर बसलेलं कुटुंब अंधारात असतं. शंभर एएचची लिथियम बारा-तेरा किलो भरते, तांदळाच्या छोट्या पोत्याएवढी. बायकोही उचलून वर नेईल. ही एकच गोष्ट धरली तरी महाडच्या तळमजल्यावाल्यांनी पुढची बॅटरी घेताना दहादा विचार करावा.

पेटते का? विचारतात सगळे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी ई-स्कूटर पेटलेला व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. तेव्हापासून लिथियम म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरतात. लिथियमच्या जाती अनेक आहेत. गाड्यांमध्ये निकेलची एक जात वापरतात, ती कमी जागेत जास्त वीज धरते आणि तापली की लवकर भडकते. फॉस्फेटची जात त्यामानानं थंड डोक्याची आहे. अजिबात पेटत नाही असं कोणी सांगत असेल तर तो विक्रेता आहे. कच्चे सेल, फालतू जोडणी, आत बीएमएस म्हणजे रखवालदार सर्किटच नाही, असा माल बाजारात येतोय आणि स्वस्तही मिळतोय. तो घेऊ नका. चीनचा मुद्दाही खरा आहे, या जातीचे बहुतेक सेल तिथूनच येतात. इथे कारखाने व्हावेत म्हणून केंद्रानं २०२१ मध्ये १८,१०० कोटींची योजना काढली, पण अजून बाहेरच्या सेलवरच भागवावं लागतंय. आवडत नाही, पण अंधारात बसून स्वदेशी होण्यातही काही अर्थ नाही.

काकांनी मला जी चूक सांगितली ती मात्र नीट ऐका, कारण आपले ठेकेदार तीच करणार आहेत, मी आत्ताच लिहून देतो. काकांनी पहिल्यांदा काय केलं, जुन्या बॅटऱ्या काढल्या आणि त्याच वायरींना लिथियम जोडली. बाकी सगळं जुनं. दोन दिवसांत वरंध घाट चढताना बॉनेटमधून वास यायला लागला. झालं होतं असं, की साधी बॅटरी भरत आली की स्वतःहून करंट कमी घेते. लिथियम अधाशी, देईल तेवढा ओढते. गाडीचा अल्टरनेटर बिचारा पूर्ण ताकदीनं तासन्‌तास चालला आणि तापून जायच्या बेतात आला. वर आणखी एक, बीएमएसनं मध्येच बॅटरी तोडली तर अल्टरनेटरच्या व्होल्टेजला उसळी येते, त्यात त्याचे डायोड उडू शकतात. मग मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा लागला, घरच्या लाइनवरचा चार्जर बदलावा लागला, सोलरच्या कंट्रोलरची सेटिंग बदलावी लागली. व्होल्ट बघून बॅटरी किती भरली हे ओळखायची सवयही सोडावी लागली, कारण लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट असतं आणि मग एकदम कोसळतं. त्यांनी किती गेलं आणि किती आलं हे मोजणारं मीटर लावलंय.

"बॅटरी बदलली नाही मी, सिस्टिम बदलली," असं काका म्हणाले. काकू म्हणाल्या, "आणि माझी सोन्याची बांगडी राहिली."

तर उद्या कोणी शहाणा जुन्याच खांबात, जुन्याच कंट्रोलरला, कागदावर लिथियम दाखवून कुठलेतरी डबे कोंबेल, सहा महिन्यांत ते बंद पडतील, आणि मग सभागृहात भाषण होईल, बघा, लिथियम आपल्याकडे चालत नाही. हे होऊ नये म्हणून आत्ताच बोंबलतोय. टेंडरमध्ये खांबांची संख्या आणि एएच लिहून भागणार नाही. ऑगस्टच्या पावसात किती तास दिवा लागेल, किती वर्षं लागेल, कंट्रोलर त्याच रसायनाचा आहे का, आणि विझला तर किती दिवसांत कोण येणार, हे लिहा. सगळ्यात कमी दराला काम द्यायचंय ना, द्या. पण दर खांबाचा नको, पाच वर्षांच्या उजेडाचा मागा. बघा कोण स्वस्त पडतो ते.

किमतीचं म्हणाल तर तीही जुनी सबब होत चालली आहे. २०१० च्या सुमारास लिथियम बॅटरी जगात एका किलोवॉट-अवरला हजार डॉलरच्या वर पडायची. २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलरवर आली. जीएसटीत लिथियमला १८ टक्के आणि साध्या बॅटरीला २८ असा फरक होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, दोन्हींना १८. म्हणजे साधी बॅटरी थोडी स्वस्त झाली. अधिकाऱ्यांना आता 'साधीच घ्या' म्हणायला नवीन कारण मिळालं, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आणि मेलेल्या बॅटऱ्या? त्या उघड्या डब्यातली बॅटरी गेली कुठे? शिशाला भंगारात भाव आहे, चोर ती सहज उचलतो. भंगारवाला कोयत्यानं डबा फोडतो, ॲसिड ओढ्यात ओततो, शिसं चुलीवर वितळवतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय, ओढ्याचं नाव सांगितलं तर आमच्यातल्या निम्म्यांनी लहानपणी तिथे खेकडे पकडलेत. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेनं अहवाल काढला होता, जगात ऐंशी कोटींपर्यंत मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे, त्यातली २७ कोटींहून जास्त आपल्या देशातली. मोठं कारण बॅटऱ्यांचं हे असं उघड्यावरचं भंगारकाम. मुलाच्या डोक्यावर परिणाम होतो, अभ्यासात मागे पडतं, आणि आपण म्हणतो वाडीवरची पोरं शिकत नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं बॅटरी कचऱ्याचे नवे नियम काढले, त्यात बनवणाऱ्यानंच जुनी बॅटरी परत घेऊन नीट पुनर्वापराला द्यायची जबाबदारी आहे. साध्या बॅटरीच्या बाजूनं एक खरं सांगितलं पाहिजे, नीट कारखान्यात गेली तर तिचं शिसं जवळजवळ सगळं परत वापरता येतं, लिथियमच्या पुनर्वापराची व्यवस्था आपल्याकडे अजून बाल्यावस्थेत आहे. पण आमच्या तालुक्यातल्या किती खांबांतल्या बॅटऱ्या त्या कारखान्यापर्यंत पोचल्या?

राज्यानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं केलं. उमरठला, रायगडला, प्रतापगडाला अशा गाड्या याव्यात, लोकांनी राहावं, आमच्याकडची नाचणीची भाकरी खावी, दोन पैसे गावात पडावेत. माझा विरोध नाही, त्या काका-काकूंना मी घरी जेवायलाही बोलावलं होतं. फक्त पाहुणा स्वतःचा उजेड घेऊन येतो आणि यजमान अंधारात बसतो, हे दृश्य मला त्या रात्री सहन झालं नाही.

सोमवारी मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. गेल्या दहा वर्षांत तालुक्यात किती सौर खांब बसले, प्रत्येकात कुठल्या रसायनाची, किती वॉट-अवरची बॅटरी होती, किती बदलल्या, काढलेल्या कोणाला दिल्या आणि त्याची पावती. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. तोवर तुम्ही एक करा, आपापल्या वाडीवरचे खांब रात्री आठनंतर मोजा, किती आहेत आणि किती पेटलेत एवढंच खाली कमेंटमध्ये लिहा, शक्य असेल तर डब्याचा फोटो टाका. वाडीचं नाव टाकायला भीती वाटत असेल तर मला वेगळा मेसेज करा. आजीच्या वाडीवर मी रविवारी जाऊन आलो. तिथे सहा खांब आहेत, पेटणारा एक, आणि तो तिच्या घरापासून सगळ्यात लांबचा.